मेंदूच्या अँटिबॉडी तपासणीसाठी रुग्ण निधीस मदत करा

सप्रेम नमस्कार,

कार्यालयात आज दोन पेशंटच्या चिठ्ठ्या आल्या आहेत, एक कागलची आणि एक आपल्याच गल्लीतली. रुग्ण निधीत एकाच तपासणीपुरते पैसे शिल्लक आहेत, म्हणून घाईने लिहितो आहे.

हा निधी कसा उभा राहिला, हे आपण जाणताच. २०१९ च्या महापुरात शाहूपुरीत पाणी चढलं, तेव्हा आपल्या पोरांनी आजारी माणसं होडीतून बाहेर काढली. गुजरीतल्या सराफ बंधूंनी नाव न सांगता पाकिटं पाठवली. गूळ मार्केटमधल्या हमाल बांधवांनी एक दिवसाची मजुरी दिली. राजारामपुरीतल्या निवृत्त बाई तर आजही पेन्शन झाली की स्वतः जिना चढून येतात आणि चहासुद्धा घेत नाहीत. या सगळ्यांचं ऋण मंडळ विसरलेलं नाही.

याच पैशातून दोन वर्षांपूर्वी आपल्या पेठेतल्या बारावीच्या पोरीची तपासणी झाली. ती झोपेना, काहीबाही बोलू लागली, मग झटके आले. घरच्यांनी बाहेरचं म्हणून देवऋषी केला, पुढं मानसिक आजार म्हणून औषधं चालली. एमआरआय नॉर्मल आला होता. या आजारात तो नॉर्मल येऊ शकतो. शेवटी पाठीतलं पाणी तपासलं आणि निदान झालं : मेंदूच्या पेशींवरच्या एनएमडीए रिसेप्टर नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटलेली. हा आजार डॉ. जोसेप डालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ओळखला. त्याआधी अशा किती पोरी वेड्या ठरल्या असतील! काहींच्या अंडाशयात गाठ असते, ती काढावी लागते. ती आहे का हे शोधायचं, तर आधी निदान हवं. आता ती पोरगी सायकलवरून कॉलेजला जाते. आकडेमोड अजून जड जाते, पण आईला ओळखते.

दृष्टी अचानक जाणाऱ्यांचंही तसंच. एनएमओ म्हणजे प्रतिकारशक्ती डोळ्यांच्या नसांवर आणि मज्जारज्जूवर उलटण्याचा आजार. २००४ साली त्याची अँटिबॉडी सापडली, तोवर अनेकांना एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूचा वेगळा आजार) आहे असं समजलं जाई. एमएसची काही औषधं एनएमओ वाढवतात, म्हणून रक्ताची ही तपासणी महत्त्वाची. रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर स्टिरॉइड सुरू करू शकतात, हे खरं. पण पुढचे उपचार कोणते आणि किती दिवस, हे ठरवायला रिपोर्ट लागतोच. नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो आणि खर्च हातावर पोट असणाऱ्याला झेपत नाही.

गेल्या वर्षी हेच आवाहन केलं होतं. ग्रुपवर सर्वांनी हात जोडले, पावत्या मात्र मोजक्याच फाटल्या. मिरवणुकीची वर्गणी दोन दिवसांत जमते, तेव्हा मन दुखावतं. आपल्याच माणसांपुढं हे लपवत नाही.

रोख वा चेक कार्यालयात सायं. ७ ते ९, रविवारी सकाळी ११ पर्यंत. ऑनलाइनसाठी फलकावरचा क्यूआर. कुणाच्याही वैयक्तिक खात्यावर पाठवू नये. पावती खजिनदारांकडूनच घ्यावी. पेशंटच्या नातेवाइकांनी डॉक्टरांची चिठ्ठी, केसपेपर व रेशनकार्डाची झेरॉक्स आणावी, नाव गुप्त राहील. दुसरा नमुना सोमवारी पाठवायचा आहे, म्हणून रविवारपर्यंत यावे.

आपला,
सचिव