लिंग गुणोत्तर कोणते, तेही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

महिला दिनाच्या पुरवणीत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया असल्याची चौकट वाचली. आकडा २०११ च्या जनगणनेतला आहे आणि बरोबर आहे. खटकली ती त्याखालची ओळ: 'मुलींचे स्वागत करणारा जिल्हा'. या आकड्याचा मुलींच्या स्वागताशी फारसा संबंध नाही. आमचे पुरुष मुंबईला आहेत, एवढेच तो सांगतो. त्याच जनगणनेत मुंबई शहराचे गुणोत्तर ८३२ होते आणि उपनगराचे ८६०. दोन्ही टोके शेजारी ठेवली की उलगडा होतो.

त्या जनगणनेत संगमेश्वर तालुक्यात मी प्रगणक होते. ९ ते २८ फेब्रुवारी दारोदार फिरायचे आणि १ मार्चच्या शून्य तासाची, म्हणजे तो दिवस सुरू होतानाच्या मध्यरात्रीची, स्थिती धरायची. एका घरात सासू, सून आणि दोन नातवंडे. सून म्हणाली, "बाई, ह्यांचं नाव घाला की. शिमग्याला येणारच आहेत." रेशनकार्डावर नाव, घरपट्टी त्यांच्या नावाची, पण माणूस वर्षातले बहुतेक दिवस नालासोपाऱ्यात. तो तिकडेच मोजला जाणार. सासूबाईंना ते काही पटले नाही. वाडीत अशी घरे ओळीने होती. पुरवणीतला १,१२२ हा आकडा अशाच घरांतून तयार झालेला आहे. जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या १६,९६,७७७ वरून २०११ मध्ये १६,१५,०६९ वर आली, त्यातही या बाहेर जाण्याचा मोठा हात आहे.

मुलींचे काय चालले आहे हे पाहायचे तर शून्य ते सहा वयोगटाचे गुणोत्तर पाहावे लागते, कारण एवढी लहान मुले एकटी नोकरीला जात नाहीत. रत्नागिरीत ते साडेनऊशेच्या खाली होते. निसर्गतः शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे ९५० च्या आसपास मुली. राज्याच्या ८९४ पेक्षा आम्ही बरे, आणि बीडच्या ८०७ पेक्षा तर पुष्कळच बरे. पण १,१२२ ची ऐट मिरवावी असे त्यात काही नाही. राज्याचे एकूण गुणोत्तर २००१ ते २०११ मध्ये ९२२ वरून ९२९ वर चढले, तेव्हा लहान मुलांचे ९१३ वरून ८९४ वर घसरले होते. नुसते 'लिंग गुणोत्तर सुधारले' असे छापले तर ते खरेही ठरते आणि वाचकाची दिशाभूलही होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीचे (२०१९-२१) तेच झाले. देशात हजार पुरुषांमागे १,०२० स्त्रिया, अशा बातम्या सगळीकडे झळकल्या. ती जनगणना नव्हती. सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबांची ती नमुना पाहणी होती आणि आदल्या रात्री त्या घरात झोपलेल्यांची त्यात मोजदाद होती. वसतिगृहे, बराकी, फुटपाथ त्यात येत नाहीत, आणि तिथे पुरुषच जास्त. त्याच अहवालात आधीच्या पाच वर्षांतल्या जन्मांचे गुणोत्तर ९२९ आहे. ते मात्र आतल्या पानावर गेले!

तिसरा प्रकार गावपातळीवरचा. एखाद्या गावात वर्षाला २४ जन्म झाले, १४ मुली आणि १० मुलगे, की गुणोत्तर १,४०० होते आणि सरपंचांचा सत्कार होतो. पुढच्या वर्षी उलट झाले की ते ७१४ वर येते आणि आरोग्य केंद्राला खुलासा मागितला जातो. दोन्ही वर्षी गावाने काहीच केलेले नसते. एवढ्या थोड्या जन्मांत असे हेलकावे येणारच. किमान पाच वर्षांचे जन्म एकत्र केल्याशिवाय गावाचा आकडा छापूच नये, असे माझे मत आहे. अशा बातम्यांत 'मुलींचा जन्मदर ९१३' असेही सर्रास येते. जन्मदर हजार लोकसंख्येमागे वर्षाला किती जन्म ते सांगतो; ९१३ जन्मदर असलेले गाव वर्षभरात जवळजवळ दुप्पट होईल.

१ मार्च २०२७ ही संदर्भतारीख धरून होणाऱ्या जनगणनेचे आकडे येऊ लागतील, तेव्हा प्रत्येक गुणोत्तराशेजारी वयोगट, वर्ष आणि तो आकडा जनगणनेचा, पाहणीचा की जन्मनोंदणीचा, एवढे कंसात द्यावे. जागा फार लागत नाही. आणि कोकणातल्या जिल्ह्यांसाठी २० ते ३९ वयोगटातले स्त्री-पुरुष तालुकावार वेगळे छापले, तर कोणत्या तालुक्यातून किती तरुण उठून गेले हे आम्हाला नेमके कळेल. आमच्या ग्रामसभेत त्याची विचारणा दर वर्षी होते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी