कुंपणावरचं एल्डर

लेस्टर, इंग्लंड,
२० जुलै

प्रिय सद्या,

गणपती झाले की लिहितो म्हणालो होतो. कुठल्या सालचे गणपती ते विचारू नकोस. माझं बीपी गोळीवर आहे, शैलाची कंबर पट्ट्यावर आहे, बाकी ठीक. आत्ता लिहितोय ते फोनवर सांगण्यासारखं नाही, कारण फोनवर तू मधेच ‘अरे मग तोडून टाक ना’ म्हणशील आणि विषय मिटवशील. मला तो इतक्यात मिटवायचा नाहीये.

मार्गारेटबाईंचं घर विकलं गेलं. हो, त्याच, ज्यांच्या चहात तू इतकी साखर घातलीस की त्या बिचाऱ्या दुसरा डबा आणायला उठल्या. आता तिथे एक तरुण जोडपं राहायला आलंय आणि त्यांचं दीड वर्षाचं पोर. दुडुदुडु धावतं, दिसेल ते उचलतं आणि तोंडात घालतं. परवा त्यांची चिठ्ठी आमच्या दारातून आत पडली. भाषा अशी गोड की काहीतरी मागणार हे पहिल्याच ओळीत कळलं. मागणं असं की तुमचं एल्डरचं झाड कुंपणावरून आमच्या बाजूला आलंय, ते विषारी असतं असं आमच्या वाचनात आलं, तर ते काढून टाकता येईल का? खर्च निम्मा आम्ही देऊ.

निम्मा! त्या निम्म्यावर माझी रात्र गेली.

झाड तू पाहिलंयस. ‘हे काय रान माजवलंयस’ म्हणाला होतास. बरोबरच आहे तुझं, इथलेही बरेच जण त्याला रानच म्हणतात. इथली शेताची कुंपणं हॉथॉर्नची, काटेरी. त्यात एल्डर घुसलं की हॉथॉर्न दबतो आणि कुंपणाला भगदाड पडतं, म्हणून जुने कुंपणवाले ते दिसलं की उपटायचे. पाखरं फळं खातात आणि बिया सगळीकडे टाकतात. शेणखताचा उकिरडा, बॅजरची बिळं, जिथे जमिनीला नत्र भरपूर तिथे हे हमखास उगवतं. मी मात्र मुद्दाम लावलं. कालव्याच्या काठावरून एक निबर काडी आणली, पानगळ झाल्यावर, आणि अर्धीअधिक मातीत खुपसली. बस, तेवढंच. आता ते गॅरेजच्या छपराच्या वर गेलंय. फळधारणा चांगली व्हावी म्हणून शेजारी दुसऱ्या जातीचं हवं असतं, म्हणून पलीकडच्या कोपऱ्यात काळ्या कातरलेल्या पानांचं ‘ब्लॅक लेस’ विकत आणून लावलं. त्याची फुलं गुलाबी, सरबतही गुलाबी होतं. शैलाच्या भिशीत त्यालाच मागणी.

सरबत तुला आवडलं नव्हतं हे माझ्या लक्षात आहे. ‘यापेक्षा कोकम बरं’ असं तू मार्गारेटबाईंसमोर मराठीत बोललास आणि त्यांनी तुझा चेहरा वाचला. पण तू आलास तेव्हा ऑगस्ट होता, बाटली जुनी होती. जूनमध्ये ये म्हणून किती वेळा सांगितलं! मेच्या अखेरीपासून झाडावर ताटलीएवढे पांढरट पिवळे तुरे येतात, एकेका तुऱ्यात शेकडो बारीक फुलं. ते कोरड्या दिवशी, सकाळचं ऊन चढल्यावर तोडायचे. पाऊस पडून गेला असेल किंवा फुलं शिळी झाली असतील तर त्यांना मांजराच्या मुताचा वास येतो आणि तोच सरबतात उतरतो. फुलं धुवायची नाहीत, सगळा वास परागातच असतो. पांढऱ्या चादरीवर तुरा उलटा धरून टिचकी मारायची की मोहरीहून बारीक काळे किडे टपाटप पडतात आणि चादरीवरून जिवाच्या आकांताने पळत सुटतात. वीस-पंचवीस तुरे, दीड लिटर पाण्याचा पाक, साखर दोन किलोच्या वर (तुझ्या पसंतीची आहे बघ), लिंबं, सायट्रिक अ‍ॅसिड, आणि एक दिवस झाकून ठेवायचं. शैला उरलेले तुरे बेसनात बुडवून भजी तळते. देठ हातात धरून खायची, देठ टाकून द्यायचा.

आता खरी गोची. जितके तुरे तोडशील तितके घोस कमी, कारण फळ त्याच तुऱ्यातून धरतं. म्हणजे जूनचं सरबत सप्टेंबरच्या पाखरांच्या तोंडचं. आमच्यात अलिखित करार आहे: हात पोचेल तेवढं माझं, वरचं त्यांचं. ऑगस्टच्या शेवटी देठ लालसर होतात, घोस खाली वाकतात, फळं काळीभोर होतात. मग ब्लॅकबर्ड येतात, आपल्या कस्तुराच्या घराण्यातले. रॉबिन येतो, ब्लॅककॅप नावाचा काळ्या टोपीचा वटवट्या प्रवासाला निघण्याआधी अंगावर चरबी चढवायला येतो. कबुतरं तर फांदीवर अशी ओणवी होतात की फांदी कुठल्याही क्षणी मोडेल. स्टारलिंगचा थवा आला तर करार कोण पाळतो? सकाळी चहा घेऊन बाहेर जावं तर नुसते लाल देठ.

तू हसत असशील. वानरं आली की तू बागेत सुतळी बॉम्ब लावणार आणि मी पाखरं यावीत म्हणून झाड लावणार, यावरून आपलं ज्या दिवशी वाजलं त्या दिवशी वहिनींनी दोघांनाही जेवायला वाढलं नव्हतं. माझं म्हणणं आजही तेच आहे. तुझंही असेल. पण तुझ्या हापूसवर घर चालतं, माझ्या एल्डरवर बाटल्या भरतात, एवढा फरक मी मान्य करतो. पुढे बोलू नकोस.

तर चिठ्ठी. आधी मी कायदा काढला. शैला म्हणाली, काढलाच का रे शेवटी! इथे शेजाऱ्याला त्याच्या हद्दीत आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत छाटता येतात, पण छाटलेल्या फांद्या झाडाच्या मालकाच्या. फळंसुद्धा मालकाची. म्हणजे त्यांच्या हिरवळीवर लोंबणारा घोस कायद्याने माझा. हे देवरुखात कुणाला सांगून बघ, तुझ्या आंब्याची फांदी ज्याच्या परड्यात गेलीय त्यालाच सांग. मग मी घरट्याचा मुद्दा काढला. १९८१च्या कायद्याप्रमाणे वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं गुन्हा आहे. मी कॉलर ताठ करून फांद्यांत डोकावलो. ब्लॅकबर्डची दुसरी वीण आठवड्यापूर्वीच उडून गेलेली. घरटं रिकामं.

मग उरलं विष. इथे मला गप्प बसावं लागतं, कारण ते खोटं बोलत नाहीत. एल्डरची पानं, साल, काड्या, कच्ची फळं, सगळ्यांत थोडंफार सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. पिकली फळं शिजवली की बाधत नाहीत, म्हणून ती मी कच्ची कुणाला देत नाही. काट्याने घोसातून ओरबाडायची, लवंग-दालचिनी घालून उकळायची, गाळायची. बोटं आठवडाभर जांभळं खाल्ल्यासारखी. १९८३ साली कॅलिफोर्नियात एका शिबिरात लोकांनी तिथल्या एल्डरची फळं पानाफांद्यांसकट पिळून कच्चा रस प्यायला, आणि आठ जणांना हेलिकॉप्टरने दवाखान्यात न्यावं लागलं. मेलं कुणी नाही. उलट्या, चक्कर, हातापायांना मुंग्या. चार पिकली फळं खाऊन पोर बहुतेक नुसतं ओकेल. पण ‘बहुतेक नुसतं ओकेल’ हे वाक्य दुसऱ्याच्या पोराच्या आईला कसं म्हणायचं?

आणि ओकणं म्हणजे काय हे तुला आणि मला सोडून या पत्रव्यवहारात आणखी कुणाला माहीत आहे?

मोगली एरंड, सद्या. काकूंचं कुंपण. आपण तिसरीत. काळ्या बिया फोडून आतला पांढरा गर. ‘शेंगदाण्यासारखा लागतो’ हे तू म्हणालास. मी नव्हे, तू. यावर आपलं अजून एकमत नाही, आणि या जन्मी होणार नाही. गोड लागला हे खरं. संध्याकाळी आगाशे सरांच्या पायांवर पहिली उलटी कुणी केली यावरही वाद आहे, तो मी सोडून देतो. रात्रभर जुलाब, जीपमधून दवाखाना, सलाईन, आणि तुझी आई माझ्या आईला म्हणतेय, ‘तुमच्याच पोराने शिकवलं.’

दुसऱ्या दिवशी नाना कोयता घेऊन काकूंकडे गेले ते आपल्याला नंतर कळलं. विचारलं नाही, सांगितलं नाही, वरच्या आळीपासून विहिरीपर्यंत अख्खं कुंपण साफ. काकू ओटीवर उभ्या होत्या म्हणे, तोंडातून शब्द नाही. मग शेळ्यांनी त्यांची भाजी खाल्ली, तेव्हा एवढंच म्हणाल्या, ‘आता शेळ्यापण नानांनीच राखाव्यात.’ काकूंनी मोगली एरंड लावला तोच मुळी गुरं तोंड लावत नाहीत म्हणून, आणि काडी खुपसली की जगते म्हणून. माझ्या एल्डरचंही तेच. पानांना असा उग्र वास की सशांनासुद्धा ते नको असतं. गुरं ज्याला तोंड लावत नाहीत त्याला पोरं लावतात.

इतकी वर्षं मी नानांच्या बाजूचा होतो. साहजिक आहे, सलाईन मला लागलं होतं. गेले दोन दिवस मात्र काकू ओटीवर उभ्या दिसतात.

थांब, खरी गंमत पुढेच आहे. काल कुंपणाशी उभा राहून, आपल्या फांद्या नक्की किती पलीकडे गेल्यात ते बघत होतो. त्यांच्या बाजूला, अगदी कुंपणाला लागून, मार्गारेटबाईंनी लावलेली फॉक्सग्लव्हची रांग. जांभळ्या घंटा, आतून ठिपके, खालच्या झडल्यात, शेंड्याला चार-दोन शिल्लक. पोराच्या बरोब्बर नाकाच्या उंचीला. डिजिटॅलिस याच घराण्यातून येतं, हृदयाचं औषध, आणि पानापासून बीपर्यंत सगळं झाड विषारी. एल्डर त्याच्यापुढे काहीच नाही. त्या मुलीने त्यातलाच एक दांडा कापून स्वयंपाकघराच्या खिडकीत फुलदाणीत ठेवलाय. मला दिसतो.

आणि नानांच्या दारात काय होतं, आठवतंय? पिवळी कण्हेर. देवाला फुलं लागतात म्हणून. काकूंचं कुंपण भुईसपाट करून घरी आले, हातपाय धुतले आणि त्याच झाडाची फुलं परडीत घेऊन पूजेला बसले असणार. तिची एक बी आपण फोडून खाल्ली असती तर हे पत्र लिहायला कदाचित मी नसतो. कण्हेरीला कुणी हात लावला नाही. अजून आहे का रे ती?

आता मला सांग, मी जाऊन काय बोलू? ‘तुमची फुलं माझ्या झाडापेक्षा विषारी आहेत’ म्हटलं तर ते उट्टं काढल्यासारखं होतं. गप्प बसलो तर पोर आहे. शैला म्हणते, ‘आधी फॉक्सग्लव्हचं सांग, एल्डरचं नावही काढू नकोस, आणि हसू नकोस, हसलास की तू वकील दिसतोस.’ आमचे चिरंजीव म्हणतात मेसेज पाठवा. सरबताची बाटली न्यावी असं मला वाटलं होतं, पण विषारी झाडाचं सरबत पिणार कोण!

झाडाचं मी ठरवल्यासारखं आहे. फळं काळी व्हायच्या आत त्यांच्या बाजूचे घोस मीच उतरवीन, आणि कुंपणाला खालपर्यंत बारीक जाळी मारीन, निम्मा खर्च न घेता. पानं गळाली की कुंपणाकडे झुकलेली जुनी खोडं बुंध्याशी कापायची. एल्डरला त्याचं काही वाटत नाही, पुन्हा फुटतं. पण फुलं मागच्या वर्षीच्या काडीवर येतात, म्हणून सगळं एकदम कापलं तर येत्या जूनमध्ये शैला भजी कशाची तळणार? आधी अर्धं कापायचं. कापलेल्या काड्या कंपोस्टच्या ढिगाशेजारी खुपसायच्या, तिथून कुणाचंच पोर जात नाही. त्या धरल्या की मग कुंपणाजवळचं उरलेलं काढायचं की नाही ते बघू. मार्गारेटबाई म्हणायच्या, एल्डर कापण्याआधी त्यातल्या म्हातारीची परवानगी घ्यायची असते, आणि लाकूड घरात जाळायचं नसतं, सैतान येतो. परवानगी मी कुणाकुणाची घेऊ?

फॉक्सग्लव्हचं उद्या सकाळी जाऊन सांगतो. काय बोललो ते कळवीन.

तुझं काय चाललंय? गुडघ्याचं ऑपरेशन करून टाक, वहिनींच्या मागे लपू नकोस. बागेच्या कर्जाचं काय झालं ते स्पष्ट लिही, ‘चाललंय’ असं लिहू नकोस. बंड्या बोलतो का आता तुझ्याशी? त्याला माझा नमस्कार सांग, त्याने नाही घेतला तरी. मुक्ताच्या लग्नाची तारीख नक्की झाली की आधी मला कळव, डिसेंबरची तिकिटं आत्तापासून बघावी लागतात. तारीख जानेवारीत गेली तर बरं, डिसेंबरात मला झाडाचं काम आहे.

तुझा,
दिग्या