फॉर्म बी भरला, पंप बंदच आहे : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : मुंबईतील महाविद्यालयांची आपत्कालीन तयारी कागदावर नव्हे, जागेवर तपासण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार.

मुंबई आणि उपनगरांतल्या महाविद्यालयांत प्रयोगशाळा, विजेची देखभाल, अग्निशमन यंत्रणा आणि आरोग्यकक्ष सांभाळणारी आम्ही माणसं आहोत. गेल्या महिन्यात उपनगरातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांत ॲसिडचे शिंतोडे गेले. दारापाशी आयवॉश, म्हणजे डोळे धुण्याचा नळ, होता. त्याचा फोटो महाविद्यालयाच्या मूल्यांकन अहवालातही आहे. पॅडल दाबलं, पाणी आलं नाही. गळतीमुळे फरशी ओली राहते म्हणून मागचा कॉक कुणीतरी बंद करून ठेवला होता आणि तो कॉक कुठे आहे, हे नव्या कंत्राटी परिचराला कुणी दाखवलं नव्हतं. शेवटी मुलींच्या पाण्याच्या बाटल्या गोळा करून डोळे धुतले. तिच्यावर उपचार सुरू आहेत. चौकशी समिती नेमली गेली आणि समितीने सगळ्यात आधी मागितलं ते आयवॉश खरेदीचं बिल.

ॲसिड डोळ्यात गेलं तर १० सेकंदांच्या आत पाण्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. पापण्या बोटांनी उघड्या धरून सलग किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवावा लागतो, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता धुता काढावी लागते. बाटल्यांनी हे होत नाही. म्हणूनच आयवॉश आठवड्यातून एकदा चालवून, गंजाचं तांबडं पाणी संपून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायचा असतो. दोन-तीन मिनिटांचं काम आहे. ते करायला प्रयोगशाळेत कायम माणूस लागतो आणि परिचरांची पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत. ती भरायची परवानगी तुमचाच विभाग देतो, महोदय.

आता आगीबद्दल. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन दलाकडे द्यायचं असतं. कायदा चांगला आहे. पण एजन्सी महाविद्यालयानेच नेमायची, पैसे त्यानेच द्यायचे आणि काम सगळ्यात कमी दरवाल्याला जाणार. त्या दरात पंप चालू करून, वरच्या मजल्यावरचा हायड्रंट, म्हणजे आगीच्या पाण्याचा नळ, उघडून दाब मोजणं परवडत नाही. मग सिलिंडरवर नवं स्टिकर चिकटतं आणि खाली सही होते.

पंपरूममध्ये काय होतं ते सांगतो. जमिनीखालचा पाइप गंजून गळू लागतो. लाइनमधला दाब उतरला की तो राखणारा छोटा जॉकी पंप आपोआप सुरू होतो, म्हणून तो दिवसरात्र चालू-बंद होत राहतो. विजेचं बिल चढतं, मोटर जळते. पाइप खोदून बदलण्याचा खर्च मंजूर होत नाही, तेव्हा कुणीतरी पॅनलचा स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवतो. त्या क्षणापासून इमारतीत आगीसाठी पाणी नाही, कारण रात्री दोन वाजता बटण दाबायला पंपरूममध्ये कुणी नसतं. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असते. होजबॉक्समधलं पितळी नोझल चोरीला गेलेलं असतं. पावसाळ्यात दमटपणाने आणि किड्यांमुळे स्मोक डिटेक्टर खोटे वाजतात, म्हणून परीक्षेच्या काळात हूटरची, म्हणजे भोंग्याची, वायर काढली जाते आणि ती पुन्हा जोडणं राहून जातं. यातली एकही गोष्ट फॉर्म बीवर दिसत नाही.

जिन्यांकडे या. राष्ट्रीय बांधकाम संहिता जिन्यासाठी माणशी १० मिलिमीटर रुंदी धरते. म्हणजे दीड मीटरच्या जिन्यावर मजल्यावरच्या १५० माणसांचा हिशेब बसतो. आपल्याकडे बीकॉमच्या एका तुकडीत १२० मुलं. मजल्यावर अशा चार तुकड्या एकाच वेळी बसल्या की ४८० मुलं झाली, त्यांना ४.८ मीटर रुंदी लागते. दीड मीटरचे तीन जिनेसुद्धा पुरत नाहीत. प्रत्यक्षात जिने दोन असतात आणि त्यातला एक ग्रिल लावून, कुलूप घालून बंद असतो. कारणंही ठरलेली: बाहेरची मुलं घुसतात, मुलं जिन्यात बसतात, परीक्षेत कॉपी होते. किल्ली कार्यालयाच्या कपाटात, कपाटाची किल्ली लिपिकाकडे, लिपिक साडेपाचला घरी. रात्र महाविद्यालयाची मुलं मात्र नऊ-साडेनऊपर्यंत वर बसलेली असतात. उघड्या जिन्याखाली मीटर बॉक्स आणि त्याला लागून जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. फोर्टातल्या जुन्या इमारतींत तर जिनाच लाकडी. संगणककक्षात एसी वाढले, भार वाढून ब्रेकर सारखा पडू लागला, म्हणून १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवला. वायर तीच राहिली. आता ब्रेकर पडत नाही, वायर तापते.

२४ मे २०१९ रोजी सुरतेत कोचिंग क्लासच्या आगीत २२ जण गेले. जिन्याच्या वाटेने खाली येणं अशक्य झालं म्हणून मुलांनी वरून उड्या टाकल्या, ते सगळ्या देशाने पाहिलं. २९ डिसेंबर २०१७ ला आपल्या लोअर परळमध्ये कमला मिलच्या आगीत १४ जण मेले, त्यातले अनेक धुराने गुदमरून. त्याआधी, तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेच्या २००४ च्या आगीवरून सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित इमारत हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं होतं. प्रत्येक घटनेनंतर आदेश निघतात, याद्या मागवल्या जातात, आम्ही तक्ते भरून देतो. त्या तक्त्यात ‘अग्निशामक सिलिंडर किती’ असा रकाना असतो. ‘मागच्या जिन्याचं कुलूप कुणी उघडलं आणि किती सेकंदांत’ असा रकाना आजवर एकाही तक्त्यात नव्हता.

सिलिंडरचंही ऐका. सहा किलोचा पावडर सिलिंडर जेमतेम १५ ते २० सेकंद चालतो. तो हातात धरून पिन काढण्याचा सराव केलेला नसेल तर ते सेकंद छताकडे पावडर उडवण्यात जातात. वर्षभर भिंतीवर टांगलेल्या सिलिंडरमध्ये पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून अधूनमधून तो उलटा करून हलवावा लागतो. नुसता काटा हिरव्यावर आहे म्हणून पावडर बाहेर येईलच असं नाही. प्रयोगशाळेत सोडियमला आग लागली तर पाणी चालत नाही, कार्बन डायऑक्साइड चालत नाही, कोरडी वाळू लागते. वाळूच्या लाल बादल्या आहेत. त्यांत गुटख्याची पाकिटं आणि पानाच्या पिचकाऱ्या आहेत. रसायनांची कपाटं इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेली असतात, कारण नोंदवही तशी असते. त्या क्रमात एकमेकांजवळ ठेवणं धोक्याचं असलेली ॲल्युमिनियमची पावडर आणि अमोनियम नायट्रेट एकाच फळीवर येतात, हायड्राझीन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही. रसायनं गटवार वेगळी ठेवायची असतात हे शिकवणारेच त्या कपाटाची किल्ली सांभाळतात, पण दुसरं कपाट घ्यायला पैसे नसतात.

मैदानावर मूल कोसळलं आणि श्वास नसला तर काय करायचं, हे प्रत्येक मजल्यावर किमान दोघांना यायला हवं. छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मध्ये न थांबता. छातीदाब आणि विजेचा झटका यांवाचून गेलेल्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. दुपारी १०८ ची रुग्णवाहिका मुंबईच्या रस्त्यांवरून किती मिनिटांत येईल, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. काही महाविद्यालयांनी देणगीतून एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारी, यंत्रं घेतली आहेत. ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये कुलपात असतात, पॅडची मुदत उलटलेली असते. आणि मागचं फाटक दुचाकींनी अडलेलं असतं, म्हणून स्ट्रेचर मुख्य फाटकापासून हातांवर आणावं लागतं.

पावसाळा वेगळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा महाविद्यालयांत मुलं रात्रभर अडकली. आजही दुपारी भरती आणि मुसळधार एकत्र आले की मुलांना सोडायचं की थांबवायचं, हे ठरवणारा माणूस नेमलेला नसतो. थांबवलं तर पिण्याचं पाणी, टॉर्च, मुलींच्या स्वच्छतागृहाची सोय, पालकांना निरोप याचा विचार झालेला नसतो. सोडलं तर पाणी तुंबणारे हिंदमाता आणि अंधेरी सबवे आहेतच, आणि गुडघाभर पाण्यातून गेलेल्याने लेप्टोस्पायरोसिस या आजारासाठी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक औषध घ्यायचं असतं, ही सूचना दुसऱ्या दिवशी कुणी देत नाही. दिल्लीत २७ जुलै २०२४ ला तळघरातल्या अभ्यासिकेत पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. मुंबईत तळघरात अभ्यासिका आणि झेरॉक्स चालवणारी महाविद्यालयं किती, याची यादी तुमच्याकडे असायला हवी.

महोत्सवांचा हंगाम ऑगस्टपासून सुरू होतो. कोचीच्या विद्यापीठात २५ नोव्हेंबर २०२३ ला कार्यक्रमाच्या दारात, उताराच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन चौघे गेले. पाऊस आला आणि बाहेरची गर्दी आत लोटली. आपल्याकडेही एकच फाटक, तेच आत येण्याचं, तेच बाहेर जाण्याचं, आणि दार आतल्या बाजूला उघडणारं. पास सभागृहाच्या क्षमतेपेक्षा जास्त वाटलेले. आत किती गेले हे मोजून आकडा भरताच प्रवेश थांबवण्याचा अधिकार विद्यार्थी स्वयंसेवकाला नसतो, असला तरी त्याचं कुणी ऐकत नाही. तो अधिकार लेखी द्या.

वसतिगृहांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी बंधनकारक सूचना दिल्या: १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक, निवासी संस्थांत छेडछाड न करता येणारे पंखे, गच्चीवर जाण्यावर नियंत्रण, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दर्शनी भागात. क्रमांकाचे कागद बऱ्याच ठिकाणी लागले, कारण छपाई स्वस्त पडते. समुपदेशक म्हणून मात्र मानसशास्त्राच्या प्राध्यापकांच्या वेळापत्रकात दोन तास वाढवले जातात.

हे सगळं एका महाविद्यालयाचं आळशीपण नाही. फॉर्म बी पालिकेच्या अग्निशमन दलाकडे, सरकारी इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, खासगी इमारत विश्वस्तांकडे, संलग्नता विद्यापीठाकडे, अनुदान तुमच्याकडे. प्रत्येक जण दुसऱ्याच्या सहीवर सही करतो. संलग्नतेची समिती येते तेव्हा फाइल बघून चहा घेऊन जाते, गच्चीचं दार उघडून पाहत नाही. मॉक ड्रिल सकाळी अकरा वाजता, आदल्या दिवशी नोटीस लावून, एका मजल्यापुरती होते आणि तिचे फोटो जोडले जातात. चाकाच्या खुर्चीवरची विद्यार्थिनी तिसऱ्या मजल्यावर असेल तर लिफ्ट बंद असताना तिला खाली कोण आणणार, त्या दोघांची नावं कुठेच लिहिलेली नसतात. आणि दुर्घटना घडली की गुन्हा कुणावर? बारा-बारा तास उभ्या असलेल्या कंत्राटी सुरक्षारक्षकावर, ज्याला येऊन दोन महिने झाले आणि मेन स्विच कुठे आहे हे ज्याला कुणी दाखवलं नाही. पाइपच्या खर्चाची फाइल ज्यांनी अडवली, त्यांचं नाव कधीच येत नाही. याची आम्हाला चीड आहे आणि ती लपवण्याची आमची इच्छा नाही.

आमची मागणी खर्चाची कमी आणि हिमतीची जास्त आहे. दर सहामाहीत, तारीख न कळवता, विद्यापीठाबाहेरच्या दोन माणसांनी महाविद्यालयात यावं. तास सुटण्याच्या वेळी एक जिना अडवून सायरन वाजवावा, शेवटचं मूल मैदानात येईपर्यंत घड्याळ लावावं, तुकडीवार डोकी मोजावीत. वरच्या मजल्यावरचा हायड्रंट उघडून पंप आपोआप सुरू होतो का ते पाहावं. आयवॉश चालवावा, एईडी कुणाला विचारावं न लागता हाती येतं का ते बघावं. मिळालेले आकडे, चांगले असोत की वाईट, महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर प्रवेश सुरू होण्याआधी लागावेत, म्हणजे पालक गुणांच्या कटऑफबरोबर तेही वाचतील. पंप आणि वायरिंगच्या दुरुस्तीसाठी वेतनेतर अनुदानात वेगळं शीर्ष करा, म्हणजे तो पैसा रंगरंगोटीकडे वळणार नाही. रात्र महाविद्यालयांची तपासणी रात्रीच करा.

‘आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवले आहे’ ही पोच आम्हाला याआधी मिळालेली आहे. या वेळी पहिल्या तपासणीच्या महिन्याचं नाव आणि तिच्यासाठी जबाबदार अधिकाऱ्याचं पद, एवढं कळवावं.

आपले,
मुंबईतील महाविद्यालयांचे प्रयोगशाळा परिचर, वीजतंत्री, अग्निसुरक्षा कर्मचारी आणि परिचारिका