माहिती आमची, दंड सरकारी तिजोरीत

मा. संपादक,
स. न.

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि नागरिकाच्या कामाची बहुतेक कलमे त्यानंतरही दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. हातात वेळ आहे तोवर या कायद्यातली एक मोठी उणीव दुरुस्त व्हावी, यासाठी हे पत्र.

लोकांची माहिती सांभाळण्यात हलगर्जी करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा ऐकून बरे वाटते. पण कलम ३४ म्हणते की दंडाची सगळी रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली, त्याच्या हाती छदाम नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३अ कलमाखाली निदान संवेदनशील माहितीपुरती तरी निष्काळजी कंपनीकडे नुकसानभरपाई मागता येत होती. नवा कायदा पुरता लागू झाला की ते कलमच वगळले जाईल. न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ साली दिलेल्या मसुद्यात भरपाईचा हक्क होता, २०१९ च्या विधेयकातही होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले आणि २०२३ च्या कायद्यात तो हक्क कुठे सापडत नाही. उलट खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली असे ठरले, तर तक्रारदारालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार खरी ठरली तर मिळणार शून्य, क्षुल्लक ठरली तर खिशातून दहा हजार. मग कोण जाईल तक्रार करायला?

हा प्रश्न बड्या कंपन्यांचा आणि मुंबई-बंगळुरूचा आहे असे कोणाला वाटत असेल, तर बारावीचा निकाल लागतो त्या आठवड्यात नागपुरातल्या कुठल्याही पालकाचा फोन हातात घेऊन बघावा. आमच्या नातवाचा निकाल लागला त्याच संध्याकाळपासून क्लासवाल्यांचे फोन सुरू झाले. फॉर्मवर नंबर माझा होता, त्यामुळे सगळे माझ्याकडे. एका मुलीने तर थेट विचारले, ‘काका, फिजिक्समध्ये जरा कमी पडले ना?’ नाव, कॉलेज, विषयवार गुण, सगळे तिच्यासमोर. नंबर कुठून मिळाला विचारले तर म्हणाली, ‘सिस्टिममध्ये दिसतोय सर.’ बिचारी पगारावर काम करणारी, तिच्यावर चिडून उपयोग काय? नव्या कायद्याने आमची कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती कोणाकोणाला दिली, हे ज्याला आम्ही संमतीने माहिती दिली त्याला विचारता येईल, ती पुसायलाही लावता येईल. हे चांगलेच आहे. पण तोवर ती यादी आणखी दहा जणांकडे पोहोचलेली असते आणि त्या दहांच्या मागे फिरण्याचा वेळ, मनस्ताप आणि खर्च आमचाच.

नागपूरच्या सीताबर्डी भागात झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलात तर दुकानदाराच्या नंबरवर आधार, पॅन, मार्कशीट व्हॉट्सॲप करावे लागते. प्रिंट निघते, फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर तशीच पडून राहते. मी उभा होतो तेव्हा स्क्रीनवर माझ्या आधारच्या वर-खाली चार अनोळखी लोकांची आधार कार्डे दिसत होती. आणि कागदाचे तर विचारूच नका. हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू आहे. तुमची सही असलेली झेरॉक्स कोणाच्या गठ्ठ्यात वर्षानुवर्षे पडून राहिली, तर ती स्कॅन होईपर्यंत कायदा तिच्याकडे बघणार नाही.

माहितीच्या अधिकाराला कात्री लावताना मात्र सरकारला दीड वर्ष थांबावेसे वाटले नाही. माहिती अधिकार कायदा बदलणारे या कायद्याचे कलम ४४(३) नियमांबरोबरच लागू झाले. माहिती अधिकार कायद्याच्या ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, व्यापक जनहित आहे का, हे बघावे लागत असे. आता माहिती वैयक्तिक आहे एवढे म्हटले की नकाराला पुरते. ८(२) मध्ये जनहिताचा अपवाद शिल्लक आहे, असे सरकार सांगते आणि ते खरेही आहे. पण ज्याने कधी अर्ज केला आहे त्याला ठाऊक आहे की जन माहिती अधिकारी नकाराचे कलम आधी शोधतो. मग प्रथम अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील आणि तारखेची वाट. घरकुलाच्या यादीत कोणाची नावे घुसवली हे विचारणाऱ्या माणसाने एवढे करावे, अशी अपेक्षा आहे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे त्या घटनापीठावर होते. तो हक्क मुळात सरकारविरुद्धही आहे. इथे मात्र केंद्राला आपल्या हव्या त्या यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून सूट देता येते आणि तक्रारी ऐकणारे डेटा संरक्षण मंडळही केंद्रच नेमणार.

माझे मागणे फार नाही. नुकसानभरपाई देण्याचा अधिकार मंडळाला द्यावा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाला तरी तो स्पष्ट शब्दांत द्यावा. मंडळाच्या अखत्यारीतल्या बाबींत दिवाणी न्यायालयाचे दार कलम ३९ ने बंदच केले आहे. ८(१)(ञ) पूर्वीसारखे करावे. विदर्भातल्या एखाद्या खासदाराने यासाठी अशासकीय विधेयक आणावे. तेवढे जमत नसेल तर लोकसभेत एवढे तरी विचारावे, की ४३अ काढून टाकताना त्याच्या जागी नागरिकाला काय दिले?

– एक निवृत्त बँक कर्मचारी, प्रतापनगर, नागपूर