कोकिळाचा विमा नको, पिकाचा हवा

संपादक साहेब, नमस्कार.

तालुक्याच्या गावात माझं टायपिंग नि डीटीपीचं दुकान आहे, दिवसभर अर्ज, लग्नपत्रिका, फ्लेक्स हेच चालू असतं. मागच्या आठवड्यात एका ऑफिसातून फ्लेक्सचा मजकूर आला, 'पिक विमा मार्गदर्शन शिबिर'. आता पिक म्हणजे कोकीळ हो! शेतात उगवतं ते पीक, दुसरी वेलांटी. म्हणजे कोकिळांनी सातबारा घेऊन लाइनीत उभं राहायचं! फोन केला तर तिथले साहेब म्हणतात, "अहो पण 'पिकाचा' लिहिताना तुम्ही पहिलीच देता ना?" खरी मेख तिथेच आहे. वकील पण वकिलाला, गरीब पण गरिबाला, तसंच पीक पण पिकाचा, प्रत्यय लागला की वेलांटी पहिली होते, नुसता शब्द असला की दुसरीच. समजावल्यावर त्यांनी लगेच बदलायला सांगितलं, राग नाही काही नाही.

'शिक्षक दीन'चे बॅनर तर दर 5 सप्टेंबरला येतात. दीन म्हणजे बिचारा, केविलवाणा. दिवस तो दिन, पहिली वेलांटी. 27 फेब्रुवारीला 'मराठी भाषा गौरव दीन' असं कुणी लिहून आणलं की मी ते छापतच नाही, आधी दुरुस्त करतो, मग पैशांचं बघू.

इथवर हसून सोडता येतं. पण परवा एक म्हातारे काका पत्र घेऊन आले, हात थरथरत होते, म्हणाले, "दादा, म्या काय गुन्हा केला?" बिचाऱ्यांनी अनुदानासाठी अर्ज केलेला, आणि उत्तर आलं 'आपणावर योग्य ती कारवाई करण्यात येत आहे'. लिहायचं होतं 'आपल्या अर्जावर कार्यवाही'! दोन रात्री झोपले नव्हते ते. त्यांना चहा पाजला, फोन लावून खात्री करून दिली तेव्हा कुठे चेहऱ्यावर रंग आला.

शुद्धलेखनाचे 14 नियम 1962 पासून आहेत, 1972 मध्ये 4 वाढले, सगळे मिळून 18. एवढे तरी पत्रं लिहिणाऱ्या प्रत्येक टेबलावर असायला हवेत, आणि पत्र पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचायला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

तुम्हाला एक विनंती आहे, रोज पेपरात छोटी चौकट द्या, अशा दोन शब्दांची जोडी, पिक-पीक, दिन-दीन, कारवाई-कार्यवाही. मी कापून काउंटरच्या काचेखाली लावेन, येणारा प्रत्येक जण वाचतोच तिथलं.

आपला रोजचा वाचक