पाकीट मिळालं, पण खाणार नाही

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

कुरियरने पाठवलेलं जर्दाळूच्या कडू बियांचं पाकीट मिळालं. या बियांतलं 'बी १७' जीवनसत्त्व कॅन्सर बरा करतं, असं सांगणारा तुझा तो लांबलचक मेसेजही नीट वाचला. मी यातली एकही बी तोंडात घालणार नाही. रागावू नकोस. माझ्यासाठी रात्र-रात्र मोबाइलवर काय काय शोधत बसतोस, ते सूनबाईने सांगितलंय. पण सगळी नोकरी औषधांच्या काउंटरमागे काढलेल्या आईला तू जीवनसत्त्व म्हणून सायनाइड पाठवलंस, त्याचं काय?

बी १७ नावाचं जीवनसत्त्वच नाही. ते न मिळाल्यामुळे कुणाला काही झालंय, असं ऐकलंयस कधी? हे द्रव्य म्हणजे अमिग्डालिन. १८३० मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते कडू बदामातून वेगळं काढलं. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्रेब्स बापलेकांनी त्याचं एक रूप 'लेट्रिल' या नावाने कॅन्सरवर खपवायला घेतलं. पुढे धाकट्या क्रेब्सने त्याला थेट जीवनसत्त्वच करून टाकलं. औषध म्हटलं की पुरावा मागतात, जीवनसत्त्वाला कोण विचारतो!

बी चावली की तिच्यातलंच एन्झाइम अमिग्डालिन फोडायला लागतं, राहिलेलं काम आतड्यातले जिवाणू करतात. त्यातून साखर सुटते, कडू बदामाचा तो वास सुटतो आणि हायड्रोजन सायनाइडही सुटतं. मेसेज म्हणतो, ते फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं. सायनाइडला एवढी पारख असती तर आणखी काय हवं होतं? ते पेशीला ऑक्सिजन वापरू देत नाही, मग पेशी कुठलीही असो. थोडंफार असेल तर शरीर निस्तरतं, पण त्यासाठी प्रथिनांतून मिळणारं गंधक लागतं. आणि केमोनंतर मला भाताची पेजसुद्धा जेमतेम जाते. त्यात क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या घ्या म्हणे! त्यांनी तर विषबाधेचा धोका वाढतो.

फोनवर म्हणालास, "मोठ्या कंपन्या याची चाचणीच होऊ देत नाहीत." झाली की रे! अमेरिकेतलं मेयो क्लिनिक हे रुग्णालय आणि इतर काही केंद्रांनी मिळून १७८ रुग्णांना अमिग्डालिन दिलं, सोबत पथ्य, एन्झाइम, जीवनसत्त्वं, अगदी भक्त मंडळी सांगतात तसं. १९८२ मध्ये निष्कर्ष छापून आले. कुणी बरं झालं नाही, आयुष्य वाढलं नाही, आणि काहींच्या रक्तात सायनाइड मात्र जिवावर बेतेल इतकं चढत गेलं. हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीनही १९८०मध्ये याच उपचारांसाठी मेक्सिकोला गेला होता. त्याच वर्षी तो वारला.

मेसेजमधल्या यादीत जवस आणि वालाच्या जातीचे दाणेही आहेत. त्यांना माझी ना नाही. सायनाइड सोडणारे घटक त्यांच्यातही थोडे असतात, पण आपल्या बायका वाल रात्रभर भिजवतात, पाणी ओतून देतात, मोड आणून सोलतात आणि मग बिरडं शिजवतात. जवस खमंग भाजून त्याची चटणी करतात. म्हणजे जे काढून टाकायची आपली रीत, तेच हे लोक मुद्दाम शोधून विकतात. जवसाची चटणी संपत आलीय, ती मात्र जरूर पाठव.

पुढच्या केमोला येशील तेव्हा डॉक्टरांना हवे तेवढे प्रश्न विचार. माझ्यादेखत विचार, बाहेर गाठून नको.

आणि तुम्ही दोघांनी 'आधीपासूनच बरं' म्हणून स्वतःसाठी मागवलेलं पाकीट आजच्या आज फेकून दे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडलाय: मोठ्या माणसाने एका वेळी तीनपेक्षा जास्त छोट्या बिया खाल्ल्या तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाते. लहान मुलाला एक छोटी बीही जास्त होते. आपली ओवी आता सगळे डबे उघडायला लागलीय. फेकल्यावर मला फोन कर.

तुझी,
आई