कादंबरीतली बोली कुणाच्या तोंडी आहे, ते सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामीण कादंबरीचं परीक्षण म्हटलं की 'बोलीचा गोडवा' हे दोन शब्द ठरलेले असतात. त्यातून वाचकाच्या हाती काही लागत नाही. बोली फक्त पात्रांच्या संवादात आहे की सगळं निवेदनच बोलीत आहे, सांगणारा माणूस कोण आहे, आणि त्याच्या तोंडी ती भाषा बसते का, एवढं सांगितलं तरी पुस्तक कसं वाचायला घ्यायचं ते कळतं. गेल्या काही महिन्यांत लागोपाठ वाचलेल्या सहा कादंबऱ्यांबद्दलची माझी मतं याच अंगानं कळवत आहे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) सांगणारा आहे तरुण मास्तर. तो प्रमाण मराठीत सांगतो आणि कारभाऱ्यासकट सगळी वाडी माणदेशी बोलते. वाचकाला सोपं जावं म्हणून हे केलंय असं मला वाटत नाही. मास्तर धनगरांच्या सुखदुःखात शिरतो, त्यांची भांडणं सोडवतो, तालीम उभी करायला लावतो, तरी तो शाळेच्या नोकरीवर आलेला माणूस आहे. दुष्काळात वाडी ओस पडते तेव्हा त्याचं आणि वाडीचं अंतर आपल्याला जाणवतं, कारण ते पहिल्या पानापासून भाषेतच होतं. बोलीची कादंबरी कधीच न वाचलेल्या माणसाला मी आधी हीच देईन.

उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) वेगळ्या वाटेनं जाते. निवेदन तृतीयपुरुषी, बरंचसं प्रमाण भाषेतलं, संवाद मात्र अस्सल वऱ्हाडी. पण निवेदनातही वऱ्हाडी शब्द इतके सहज येतात की सांगणारा कौतिकच्याच ओसरीवर बसलेला वाटतो. म्हणूनच तिच्या दारिद्र्याची कीव केलेली कुठे दिसत नाही. नवरा महादेव हातपाय गाळणारा, ही पदर खोचून उभी, आणि लेखक दोघांच्याही बाजूनं बोलत नाही. माझ्या मते मराठीत संसार चालवणाऱ्या बाईवर इतकी निष्ठुर आणि इतकी खरी कादंबरी दुसरी नाही.

१९७१ साली दोन कादंबऱ्यांनी निवेदनाची भाषा आणि संवादाची भाषा यांच्यातली ही भिंतच काढून टाकली. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'त पार्बती स्वतः बोलते आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मराठवाडी बोलते. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त शेतावरचा गडी नारबा कोल्हापूरकडच्या बोलीत सांगतो. या दोन पुस्तकांत प्रमाण भाषेचा निवेदक मधे नाहीच, त्यामुळे अर्थ समजावून सांगणारंही कुणी उरत नाही. पार्बतीला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. गंगाराम शिंपी आणि भारत, नवरा आणि लेक, या दोघांच्या मधे ती उभी आहे. कोण चुकलं याचा निवाडा ती करत नाही, कारण तिला दोघंही हवे आहेत. हेच प्रमाण भाषेतल्या तृतीयपुरुषी निवेदकानं सांगितलं असतं, तर बापलेकांच्या संघर्षावर एखादा उतारा हमखास आला असता. नारबाचंही तसंच. जनावरं हाच त्याचा गोतावळा. शेतात ट्रॅक्टर आला की ती जाणार, हे तो शेतीच्या यांत्रिकीकरणाच्या भाषेत सांगूच शकत नाही. तो एकेका जनावराबद्दल सांगतो आणि आपल्या पोटात कालवतं.

सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२, साहित्य अकादमी पुरस्कार २००४) पुन्हा दोन भाषांवर येते, आणि इथे ते योग्य आहे. एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरी नाही. शाळाकॉलेजात एक भाषा आणि घरी दुसरी, ही त्याचीच फाटाफूट कादंबरीच्या भाषेत उतरली आहे. घरातलं बोलणं, आईबापाचं कण्हणं, नवराबायकोतला दुरावा यांत ती फार उंच जाते. मात्र शेतीमालाचे भाव आणि सरकारी धोरण यांवरचे काही संवाद मला लेखातून उचलल्यासारखे वाटले. तिथे बोली असूनही माणूस बोलत नाही, मुद्दा बोलतो.

कृष्णात खोत यांची 'रिंगाण' (साहित्य अकादमी पुरस्कार २०२३) मात्र जपून वाचावी लागते. धरणानं उठवलेल्या गावातला माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी परत फिरतो, एवढंच कथानक. तोकडी वाक्यं, मनातलं आणि बाहेरचं एकमेकांत मिसळलेलं. घाईनं वाचलं तर कोण कुणाला काय म्हणालं हे हरवतं. एका बैठकीत वीसपंचवीस पानांच्या पुढे जाऊ नये, असं माझं मत आहे. विस्थापितांवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण माणसाला विसरत चाललेलं जनावर समोर उभं करून गाव गमावणं म्हणजे काय ते दाखवावं, हे मला नवीन वाटलं.

आता वाचण्याबद्दल. बोलीतली कादंबरी अर्ध्यात सोडणारे वाचक बहुधा पहिल्या तीस पानांतच सोडतात, आणि याचं कारण अवघड शब्द हे नसतं. घोटाळा व्याकरणात होतो. वऱ्हाडीत 'तो उद्या येईन' म्हणतात. पुण्यामुंबईचा वाचक 'येईन' पाहून 'मी' शोधत बसतो. 'मले', 'तुले' लगेच कळतं, पण ळ चा य झाला की डोळा 'डोया' होतो आणि काळा 'काया' होतो. 'काया बैल' वाचून शरीराचा इथे काय संबंध, असं वाटू शकतं. कोल्हापूरकडे बायकाही 'मी जातो' म्हणतात. संवादाला 'ती म्हणाली' जोडलेलं नसेल तर बोलणारा पुरुष आहे असं समजून आपण पुढे जातो आणि दोन पानांनी गोंधळतो. अशा चारपाच खोडी ध्यानात आल्या की कोश लागत नाही. त्या ध्यानात येण्यासाठी पहिली दहा पानं मोठ्यानं वाचावीत. जे डोळ्याला परकं वाटतं ते कानाला पटकन ओळखू येतं. म्हणून प्रकाशकांनी शब्दसूची शेवटी छापण्याआधी पुस्तकाच्या सुरुवातीला अर्धं पान व्याकरणाच्या या खोडींसाठी द्यावं.

शब्दसूची हवीच, पण अर्थ नेमका द्यायला हवा. 'सोंदूर : एक प्रकारचा दोर' असा अर्थ देऊन काही उपयोग नाही. मोट म्हणजे बैलांकडून ओढून विहिरीतलं पाणी वर काढण्याची मोठी पिशवी. तिला दोन दोर असतात. जाड दोर तो नाडा, मोट वर ओढण्याचा सगळा भार त्याच्यावर. बारीक दोर तो सोंदूर, मोटेच्या सोंडेला, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या नळीसारख्या तोंडाला, बांधलेला. मोट वर आली की सोंदुरामुळे सोंड थारोळ्याकडे, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या छोट्या हौदाकडे, ओढली जाते आणि पाणी थारोळ्यात पडून पुढे पाटाला लागतं. बैल ज्या उतारावरून जातात ती धाव. हे इतकं कळलं तर 'नाडा तुटला' आणि 'सोंदूर तुटला' या दोन वाक्यांतला फरक कळतो. नाडा तुटला की मोट विहिरीत जाते. सोंदूर तुटला तर मोट वर येते, पण सोंड थारोळ्यावर न येता खाली लोंबते आणि पाणी विहिरीतच परत पडतं. मोटा गेल्या, इंजिनं आली, विजेचे पंप आले. आज पंचविशीतल्या वाचकाला, अगदी खेड्यातल्यासुद्धा, हे सांगावंच लागेल.

मुद्रितशोधनाबद्दलही लिहायला हवं. बोलीतल्या मजकुरावर प्रमाणलेखनाचे नियम चालवले की नासधूस होते. एका पानावर 'डोयाले' तसंच राहतं, पुढच्या पानावर कुणीतरी ते 'डोळ्याला' करून ठेवतं, आणि एकच बाई दोन भाषा बोलू लागते. 'पानी'चं 'पाणी' करणं हीसुद्धा दुरुस्ती नव्हे, मोडतोड आहे. यावर उपाय सोपा आहे. हस्तलिखितासोबत लेखकाकडून दोन पानांची लेखनयादी घ्यावी : ण कुठे न होतो, ळ कुठे य होतो, अनुस्वार कुठे उच्चारला जातो. शोधकानं ती समोर ठेवूनच खुणा कराव्यात, आणि शंका आली तर लेखकाला विचारावं.

जुन्या आवृत्त्या युनिकोडमध्ये आणताना आणखी एक चूक होते. जुन्या फॉन्टमधून मजकूर उतरवताना 'ऱ्य'चा 'र्य' होतो. मग 'दऱ्या' लिहिलेलं असतं तिथे 'दर्या' छापलं जातं आणि डोंगरातल्या गावाला समुद्र येतो. संगणकाची शुद्धलेखन तपासणी ही चूक पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. नव्या आवृत्तीत निदान 'र्य' आणि 'र्ह' असलेला प्रत्येक शब्द शोधून हातानं तपासावा. दोनशे पानांच्या पुस्तकाला एका दिवसाचं काम आहे.

आपल्या पुरवणीतल्या परीक्षणकारांना विनंती, की बोलीतल्या कादंबरीवर लिहिताना तिच्यातला निदान एक परिच्छेद जसाच्या तसा छापावा आणि हाती असलेली आवृत्ती कितवी, छपाई कशी, सूची आहे की नाही हेही लिहावं. श्राव्य पुस्तकांचं परीक्षण असेल तर वाचणारा कुठल्या भागातला आहे तेही सांगावं. 'धग'मधले संवाद वाचायला अमरावतीकडचा गळा हवा, आणि 'पाचोळा'ला लातूरकडचा.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा